खासदाराच्या पाच पायऱ्या

नॉटिंगहॅममधलं माझं घर ज्या आर्किटेक्टने बांधलं, तो पुढे खासदार झाला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला माणूस. लाल विटा, दारावर कोरलेला स्वतःचाच दाढीवाला चेहरा आणि खाली पाच दगडी पायऱ्या. मतदारांना तो वरच्या पायरीवर उभा राहून भेटायचा म्हणे.

बायकोला पक्षाघात झाला आणि त्या पायऱ्या माझ्या मुळावर आल्या. तिला खुर्चीसकट उचलून न्यावं लागायचं. लाजेने तिने बाहेर पडणंच सोडलं. बाजूच्या भिंतीत एक रुंद दार, एवढंच मला हवं होतं. पण इमारत संरक्षित. कौन्सिलची परवानगी लागणार. त्यात स्थानिक इतिहास मंडळाचा अध्यक्ष, एक निवृत्त मास्तर, हरकत घेऊन बसला. त्याने आयुष्यभर खपून या खासदाराचं चरित्र लिहिलं होतं.

मी धंद्यात वर आलो तो सौदे करून. बोलणी सुरू करण्याआधी समोरच्याचं तोंड गोड करायचं, ही माझी सवय. लंडनमधल्या एजवेअरच्या देशी दुकानातून पेढे आणवले आणि मास्तरच्या घरी गेलो. म्हातारा एकटाच राहायचा. त्याने डबा उघडलासुद्धा नाही.

"निर्णय होईपर्यंत मला काही घेता येणार नाही," म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी कौन्सिलला कळवून मोकळा झाला. भर बैठकीत ते वाचून दाखवलं गेलं: अर्जदाराने हरकतदाराला मिठाई देऊ केली. लोक हसले. अर्ज लटकला.

ते हसू माझ्या डोक्यात बसलं. महिनाभर मी कौन्सिलचं जुनं दप्तर उपसत होतो. शेवटी एक ठराव सापडला. नगरसेवक असताना याच आर्किटेक्टने इथली मजुरांची आळी राहण्यास अयोग्य ठरवून पाडायला लावली होती आणि त्या जागेवर स्वतःचं घर उठवलं होतं. माझं घर. चरित्रात याची एक ओळ नाही.

मंडळाच्या वार्षिक व्याख्यानात मास्तर त्या खासदारावरच बोलला. प्रश्नांची वेळ आली तसा मी उठलो आणि तो ठराव मोठ्याने वाचला.

"सर, हे तुम्हाला सापडलं नाही, की तुम्ही लपवलंत?"

"सापडलं होतं."

"मग?"

"मला तो माणूस आवडायचा," मास्तर हळूच म्हणाला.

"म्हणजे मिठाई तर तुम्हीच वाटत होतात!"

या वेळी लोक त्याला हसले. तो ग्लासात पाणी ओतायला गेला, ते टेबलावरच सांडत राहिलं. मी बसलो नाही. बघत उभा राहिलो.

आठवड्याभरात त्याने अध्यक्षपद सोडलं. मंडळाने हरकत मागे घेतली आणि दार झालं. आता बायको रोज बाहेर पडते. वाऱ्याने दार आपटतं, म्हणून मी त्याला ते जाडजूड चरित्र लावून ठेवतो.

"अहो, उचला ना ते," खुर्ची बाहेर काढताना ती म्हणते. "म्हाताऱ्याची मेहनत आहे."

"राहू दे."

मास्तर सकाळी दूध आणायला याच रस्त्याने जातो. त्याचं नाव रस्त्याच्या बाजूला येईल, असंच मी पुस्तक ठेवतो.