चाक थांबू दे

वेसाव्यातले आमचे शेजारी काका होडी ओढायच्या ट्रॉलीला माणसापेक्षा जास्त जपतात. ती खाऱ्या पाण्यातून आली, की नळाची पहिली बादली तिच्या चाकांवर.

"आणि आम्ही पारोसं बसायचं?" काकी ओरडते.

"तुला गंज चढतो का गं?"

मग जॅक लावून चाकं काढायची, बेअरिंगमध्ये बोटानं ग्रीस भरायचं. परवा त्यांनी चाक नुकतंच परत चढवलं होतं, जॅक अजून काढायचा होता, तेवढ्यात किनाऱ्यावरचं पडीक सामान हटवणारे साहेब आले. वाकून न बघताच ट्रॉलीवर खडूनं 'भंगार' लिहायला लागले.

काकांनी एका बोटानं चाक फिरवलं. आवाज नाही. फिरतंच राहिलं.

"लिहा ना साहेब. पण आधी हे थांबू दे."

साहेब खडू धरून उभे. चाक जरा मंदावलं, तसं काकांनी पुन्हा बोट लावलं.