हेडक्लार्कांचे हरसेल्फ

इंग्रज गेले ते इंग्रजी आमच्या हेडक्लार्कांवर सोपवून गेले, अशी माझी पक्की समजूत आहे. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आम्हीही भोपाळला येऊन पडलो. हेडक्लार्कांच्या वळकटीत उशी नव्हती, व्याकरण होते. त्यावरच डोके ठेवून ते झोपत. त्यातही ‘सेल्फ’वाल्या सर्वनामांवर विशेष जीव. नवा कारकून “मायसेल्फ जोशी” म्हणाला, की ते हातातला चहा खाली ठेवत. “तुम्ही स्वतःला काय केलंत जोशी? खरचटलं? फसवलं? मग मायसेल्फ कशाला?” उपयोग दोनच, असे ते बोटांवर मोजून सांगत: क्रिया उलटून कर्त्यावरच पडली तर, किंवा दुसऱ्या कुणी नाही, त्यानेच केले असा जोर द्यायचा असेल तर. टांगेवाल्यालाही त्यांनी हे हिंदीत समजावले. तो म्हणाला, “बड़े मियाँ, उतरना कहाँ है?”

मग हुकूम निघाला: ज्यांना नागपूरकडे परत जायचे असेल त्यांनी सबळ कारणासह अर्ज करावा. कचेरीतल्या सगळ्यांचे इंग्रजी अर्ज हेडक्लार्कांनीच लिहिले. माझ्या अर्जात लिहिले, ‘अर्जदाराची आई स्वतःला सांभाळू शकत नाही.’ माझी आई त्या वेळी नागपूरला दोन जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालत होती.

“अहो, आई ठणठणीत आहे!”

“असू दे ना बाप्पा. हरसेल्फ किती छान बसून राहिलं ते बघ!”

अंथरुणाला खिळली होती ती त्यांची आई. नागपूरला बायको एकटी तिचे सगळे करत होती. पण स्वतःचा अर्ज काही त्यांच्या हातून लिहून होईना. शेवटच्या दिवशी मीच लिहिला, आणि त्यांचेच वाक्य त्यात घातले. त्यांनी ते लाल शाईने खोडले.

“चुकलं का?”

“व्याकरण बरोबर आहे. पण साहेबापुढे आपलं आपणच रडायचं? दुसऱ्याचं दुःख असलं की इंग्रजी सरळ उतरतं रे.”

त्या जागी त्यांनी ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच लिहिले. माझा अर्ज मंजूर झाला. त्यांचा ‘कारण पुरेसे नाही’ असा शेरा घेऊन परत आला. शेऱ्यातले इंग्रजी निर्दोष आहे, असे त्यांनी मला दोनदा सांगितले.

स्टेशनवर पोचवायला आले तेव्हा त्यांनी खिडकीतून एक मऊ शाल माझ्या हातात दिली. “माझ्या आईला दे. तू स्वतः जाऊन दे हं, कुणाच्या हाती पाठवू नको.”

हा ‘स्वतः’चा दोहोंपैकी कोणता उपयोग, ते सांगतील म्हणून मी वाट पाहिली. गाडी हलली, तरी खिडकीचा गज त्यांनी सोडला नव्हता.