काकूंची माया, कालिरॉयचं इंग्रजी

मेलबर्नच्या हॉटेलात भांडी घासून परत आलेली कालिरॉय म्हणजे ग्रीसमधल्या आमच्या कालिम्नोस बेटावरची इंग्रजीची मालकीण. म्हणून परदेशी सून तान्ह्याला घेऊन पहिल्यांदा घरी आली तेव्हा झांबेताकाकूंनी तिलाच बोलावून घेतलं. काकूंचा मुलगा अजून सामान उतरवत धक्क्यावरच होता.

नातवाला बघताच काकूंनी त्याच्या तोंडावर तीनदा थू थू केलं. "मरेन रे मी तुझ्यापायी. खाऊनच टाकते तुला."

सुनेने पोराला छातीशी घट्ट धरलं. "काय म्हणाल्या?"

घाईघाईत कालिरॉयने ग्रीकचं इंग्रजी केलं, शब्दाला शब्द जोडून. सून पांढरीफटक पडली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने कडी लावली.

"कडी कशाला लावली गं तिने?" काकूंनी विचारलं.

कालिरॉयला आपली चूक उमगली. सून संध्याकाळच्या बोटीने निघून गेली तर म्हातारीला नातू पुन्हा दिसायचा नाही, आणि तेही आपल्या तोंडामुळे. ती दाराशी जाऊन बसली. "अगं पोरी, ऐक. लेकरू फार गोड दिसलं की आम्हाला भीतीच वाटते, कुणाची दृष्ट लागेल म्हणून. मग आम्ही थुंकतो. आणि 'मरेन', 'खाऊन टाकते' हे नुसते लाडाचे बोल. माझी आई अजून थुंकते माझ्यावर, आणि मी साठीची."

दार बोटभर उघडलं.

"तोंडावर नको म्हणावं. आजारी पडेल तो."

"काय म्हणते?" काकूंचा आवाज चिरकला.

"म्हणते, थुंकायचं तर पायांवर थुंका, दृष्ट आधी पायांनाच लागते," कालिरॉय म्हणाली.