बिनआवाजाची स्कूटर

आमच्या घरात ‘स्ट्रोक’ हा शब्द आजूबाजूला पाहून उच्चारावा लागतो. सासऱ्यांना एक येऊन गेला आणि त्यांचं तोंड कित्येक महिने एकाच बाजूने हसत राहिलं. त्यामुळे मी जेवता जेवता म्हणालो, “टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक, काही ठरत नाही,” तेव्हा बायकोने हातातली भाकरी ताटात ठेवली.

“अहो, एकाने माझे बाबा आडवे झाले. तुम्हांला चार कशाला हवेत?”

मी तिला समजावलं की प्रश्न पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरचा आहे. त्यावर ती जास्तच घाबरली. मी राहतो पेणला रामवाडीत, काम करतो हमरापूरच्या एका कारखान्यात, गणपतीचे डोळे आखायचं. पाण्याशी माझा संबंध विसर्जनापुरता, तोही गुडघ्यापर्यंत.

स्कूटर खरं तर माझ्या मित्राला हवी होती. तो रोह्याच्या खाडीकाठच्या गावचा. कॉलेजात असताना मी रोह्याजवळच्या वरसे गावी मावशीकडे राहायचो. आम्ही दोघे एकाच बाकावर बसून एकाच विषयात नापास झालो. अशी मैत्री सहसा तुटत नाही. पुढे मी रंगात पडलो आणि तो गावातल्या इतर मुलांसारखा आखातात गेला. तिथल्या एका हॉटेलच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवायच्या वॉटर स्कूटर होत्या, त्या दुरुस्त करायचं त्याचं काम. सुट्टीला आला की तो अळूवडीच्या गुंडाळीसारखी इंजिनं उलगडून सांगायचा, आणि मी हमरापुरात येऊन तेच दुप्पट करून सांगायचो.

या खेपेला तो आला तो गप्प गप्प. नव्या व्हिसासाठी तिकडून निरोप आला होता, महिनाअखेर हो की नाही कळवायचं होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, या विषयावर एक शब्द बोलत नव्हती. ती फक्त त्याची बॅग माळ्यावर टाकायची आणि तो ती खाली काढायचा.

“मुरुडच्या बाजूला एक स्कूटर टाकतो,” तो मला म्हणाला. “पर्यटकांना फेऱ्या मारायच्या. जमलं तर राहतो. नाय जमलं तर जातो.”

म्हणजे स्कूटर कुठली घ्यायची, यावर माझा मित्र घरी राहणार की विमानात बसणार हे ठरणार होतं. मी अर्ध्या भागीदारीला हो म्हणालो आणि लगेच तज्ज्ञ झालो.

माझं मत टू-स्ट्रोकला. आमच्या पिढीने त्याच इंजिनाच्या स्कूटरी तिरक्या करून, लाथा मारून, वेळप्रसंगी लाडीगोडी लावून चालू केल्या आहेत. पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायचं, धूर सोसायचा, फटफट ऐकायची, पण बिघडली तर पाना आणि शिवी एवढ्यावर काम भागतं. शिवाय अंगाने हलकी. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, धूर करत नाही, पाण्यावर तेलाचा तवंग सोडत नाही. मात्र वजनाला भारी, आणि बिघडली की आधी तिला कॉम्प्युटर लावायचा, मग तो सांगेल ते ऐकायचं.

“तुझ्या हातातली टू-स्ट्रोक आहे. डोळे मिटून उघडशील,” मी म्हणालो.

“फोर-स्ट्रोकच घ्यायची,” तो म्हणाला. “टू-स्ट्रोक सारखी बिघडते.”

“अरे, मग दुरुस्त करायला तू आहेस ना?”

“नाय म्हटलं ना. फोर-स्ट्रोक.”

इतका हट्ट त्याने लग्नाच्या वेळीही केला नव्हता.

खाडीपलीकडच्या एका जेटीवर धंदा आवरणाऱ्या माणसाकडे दोन्ही जातीच्या विकायला होत्या. एक जुनी टू-स्ट्रोक, एक जवळजवळ नवी फोर-स्ट्रोक. आम्ही निघालो तेव्हा वहिनी चपला घालून दारात उभी.

“मी पण येते. मला ती बिनआवाजाची बघायचीच हाय.”

“ऊन हाय, गो. चिखल हाय,” तो म्हणाला.

“मी काय मुंबईची हाय? चिखलातच जलमले.”

या बिनआवाजाच्या स्कूटरीची कथा साऱ्या मोहल्ल्याला पाठ होती. इतकी वर्षं तो दुपारच्या सुट्टीत किनाऱ्यावरच्या शेडमधून फोन करायचा आणि मागे इंजिनांचा घर्रर्र आवाज चालू असायचा. वहिनीची अर्धी बोलणी ओरडून व्हायची. मग दोनेक वर्षांपूर्वी एकाएकी मागचा आवाज गेला. त्याने सांगितलं, आता नव्या फोर-स्ट्रोक आल्यात, त्यांना आवाजच नसतो. वहिनीने हे अख्ख्या गावाला सांगितलं. मीही हमरापुरात सांगितलं की पाण्यावरून ती अशी जाते, जसा गणपतीच्या गालावरून कुंचला.

जेटीवर भरती लागली होती. विकणाऱ्याने आधी टू-स्ट्रोक चालू केली. निळा धूर निघाला, दोन बगळे उडाले आणि खाडीभर अशी फटफट झाली की मी कानांवर हात ठेवले. वहिनीचा चेहरा मात्र लेक माहेरी आल्यासारखा उजळला.

“व्हय, व्हय! हीच ती! फोनमधली!”

मी माझ्या रंगकामाच्या अधिकाराने स्कूटरच्या अंगावर नख घासून पाहिलं आणि रंग नवा आहे, आतला मूळ रंग पिवळा होता, असं जाहीर केलं. कुणी दाद दिली नाही.

मग विकणाऱ्याने फोर-स्ट्रोकची चावी लावली.

आवाज झाला. टू-स्ट्रोकसारखा कर्कश नव्हे, जाड, घुमणारा. पण भला मोठा आवाज. विकणाऱ्याने पाण्यात एक वळण घेतलं तेव्हा तो समोरच्या काठावर आपटून परत आला.

वहिनी स्कूटरकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

“हिला तर आवाज हाय.”

“ही जुनी झाली असंल,” तो पुटपुटला.

विकणारा नेमका तेव्हाच काठाला लागला. “जुनी कुठली, साहेब? आत्ताच सर्व्हिसिंग झालंय. हिला एवढा आवाज असतोच!”

माझ्या जिभेवर एक नामी विनोद आला होता. मी तो गिळला. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

मित्र जेटीच्या कठड्यावर बसला. पाण्याकडे बघत म्हणाला, “नव्या मशिनी आल्या तेव्हा पोरं आली, लॅपटॉप घेऊन. मला पण शिकवलं त्यांनी. नाय जमलं. मग साहेबानं मला आत घेतलं. टॉवेल मोजायचे, घड्या घालायच्या. एसीची खोली. तिथनं फोन करायचो.”

“आनि व्हिसा आलाय तो?”

“टॉवेलचाच.”

“मला सांगितलं का नाय?”

“तू गावात सांगत फिरायचीस, माझा नवरा इंजिनवाला हाय म्हणून. आता फोर-स्ट्रोक नाय घेतली तर लोक विचारतील, याला नवी मशीन येत नाय काय?”

वहिनीने ओढणीने तोंड पुसलं. “आवाज गेला तेव्हा मला वाटलं, माझाच कान गेला. रोह्याला जाऊन डाक्तरला दाखवून आले. कानात औषध घालत व्हते मी!”

 मग दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसता त्याने डोळ्यांवर तळहात दाबून धरला. मी विकणाऱ्याला दंडाला धरून बाजूला नेलं आणि चिखलातले निवटे मासे कसे उड्या मारतात हे दाखवलं. तो म्हणाला, “मी इथलाच आहे, रोज बघतो.” मी म्हटलं, “आज पुन्हा बघा.”

आम्ही परतलो तेव्हा वहिनी टू-स्ट्रोकच्या सीटवर हात ठेवून उभी होती.

“ही घ्यायची,” ती म्हणाली.

“अगो, ती सारखी बिघडते,” मित्र म्हणाला. “आज हे, उद्या ते. महिन्यातनं चार वेळा खोलावी लागंल.”

“कुठं खोलणार?”

“कुठं म्हंजे? घरी. अंगणात.”

“मग बिघडू दे,” वहिनी म्हणाली. “बिघडू दे मेली. अंगणात बिघडू दे.”

भागीदार म्हणून मी धंद्याच्या दृष्टीने काही मुद्दे मांडायला हवे होते. कमी पेट्रोल, स्वच्छ पाणी, इतर स्कूटरवाल्यांशी स्पर्धा. मी तोंड उघडलं आणि वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

“भावजी, तुमचं काय म्हननं हाय?”

“रंग चांगला लागलाय,” मी म्हणालो.

सगळ्यांनी हात लावून ती टेम्पोत चढवली. वहिनी ड्रायव्हरशेजारी बसली, मित्र मागे स्कूटरपाशी, दोरीने बांधलेली असूनही तिला दोन्ही हातांनी धरून. मी माझी गाडी घेऊन मागोमाग निघालो. पहिल्याच गतिरोधकाला वहिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं.

“हायसा का?” तिने ओरडून विचारलं.

“हाय गो,” तो म्हणाला. “हाय.”