वसंतकाकांची शेवटची बिअर

वसंतकाका गेले, ही बातमी मला लॅबमधल्या फोनवर कळली. फोन मावशीचाच, काकांच्या बायकोचा, होता. सकाळी ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हार्ट. एवढं सांगून, मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बेसमेंटमध्ये बादली तशीच आहे गं. शनिवारी बाटल्या भरायच्या होत्या." दोन आठवड्यांनी आमच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. काका शांत होते, धार्मिक होते, निर्व्यसनी होते, असं सात जण बोलले. धार्मिक? पूजा चालू असताना काका बाहेर लोकांच्या गाड्या पार्क करून देत असायचे. आणि त्या सातांपैकी निदान पाच जणांनी त्यांच्या घरची बिअर पिऊन दुसरी मागितलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दिवशी एकानंही तिचं नाव काढलं नाही. गेलेल्या माणसाला असं धुऊन-पुसून भिंतीवर टांगणं मला मान्य नाही, म्हणून हा लेख. तो मी लिहावा ही आणखी गंमत, कारण त्या बिअरविरुद्ध मिनिआपोलिसच्या ईडन प्रेरी उपनगरात पत्रक काढणारी एकमेव व्यक्ती मीच.

मी दारूबंदीच्या चळवळीतली. कॉलेजची चार वर्षं गावोगावच्या बायकांबरोबर गुत्त्यांसमोर बसले, सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं कायम काळी. केमिस्ट्रीत एमएस करायला मिनिआपोलिसला आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या शेजारी जुन्या पत्रकांचा गठ्ठा होता. दर शनिवारी काका मला कॅम्पसवरून गाडीनं ईडन प्रेरीला घरी न्यायचे, मावशीच्या हातचं जेवायला. पहिल्याच शनिवारी बेसमेंटमधून आंबवलेल्या पिठासारखा वास आला. हे काय, म्हणून विचारलं. "बिअर," काका म्हणाले, "मी करतो. आता घरी करायला सरकारची परवानगी आहे." मी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं की या घरात मी जेवणार नाही. मावशी रडवेली झाली. काका मात्र गाडीची किल्ली घेऊन उठले. "बरं. कॅम्पसवर सोडतो तुला. वाटेत भूक लागेल, डबा घे." हायवेवर मी तो डबा पुसून खाल्ला आणि खाता खाता त्यांना दारूचे दुष्परिणाम सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या हॉस्टेलसमोर गाडी थांबवून म्हणाले, "पुढारी, तू एकदा बाटल्या भरायला ये. बघ, मग लिही. न बघता लिहिलेलं पत्रक फार बोअर होतं."

तेव्हापासून मी पुढारी झाले. गेले ते बिंग फोडायला, आणि फडकं घेऊन बाटल्या पुसत बसले. काका सिमेंटच्या कारखान्यातले इंजिनिअर, त्यांना शिकवायला आवडायचं आणि मला चुका काढायला, त्यामुळे आमचं जमलं. मोठ्या झाकणाच्या बादलीत बिअर दोन आठवडे आंबत राहायची. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे बंद झाले की ती भरायला तयार. पण अशी भरली तर ती मेलेली, पाणचट. तिच्यात फेस यायला हवा असेल तर भरायच्या आधी थोडी साखर उकळून घालायची. बादलीतलं यीस्ट ती साखर बाटलीत बसून खातं, त्याचा वायू बुचाखाली कोंडतो आणि तोच बिअरमध्ये उतरतो. साखर कमी पडली तर फेस नाही. जास्त झाली तर बाटली फुटते. "सगळं आयुष्य या रेघेवर आहे," काका म्हणायचे आणि स्टीलची वाटी दाखवायचे. तिच्या आतल्या बाजूला त्यांनी कानशीनं रेघ मारली होती. पाच गॅलनला रेघेपर्यंत साखर, दाणा इकडे नाही की तिकडे नाही. मग रबरी नळीनं एकेक बाटली भरायची, वर दोन बोटं जागा सोडायची आणि लांब दांड्याच्या यंत्रानं बूच दाबायचं. बाटल्या लागत पन्नासेक. त्या कॅम्पसवरच्या पार्ट्यांतून गोळा करून आणायचं काम माझ्याकडे आलं. दारूबंदीची कार्यकर्ती बिअरच्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेली बॅग खळखळ वाजवत जिना उतरते, हे दृश्य माझ्या रूममेटनं सगळ्या हॉस्टेलला वर्णन करून सांगितलं होतं.

काकांचे नियम कडक होते. पाहुणा दारात आला की आधी गाडीची किल्ली मावशीच्या पितळी डब्यात. गाडी चालवणाऱ्याला एक बाटली, दुसरी नाही. मागे लागला तर त्याला जेवायला वाढायचे आणि बसवून ठेवायचे. स्वतः शनिवारी एक ग्लास. माझं मत यानं बदललं नाही आणि मी ते त्यांना सांगितलं. नियम पाळणारा एक काका असतो, म्हणाले मी, पण गुत्त्यासमोर मार खाणाऱ्या बायका हजार असतात. त्यावर काका म्हणाले, "हे पत्रकात घाल."

पत्रक मी लिहिलंच. मंडळाच्या पिकनिकला बिअर नको, अशी मागणी. काकांनी लाल पेन घेऊन ते तपासलं. "'बिअर गाळतात' काय? गाळतात ती हातभट्टीची. ही आंबवतात. एक गोष्ट चूक लिहिलीस की तुझं बाकीचं खरंही लोक खोटं ठरवतील." आणि सोमवारी त्यांनी ते पत्रक त्यांच्याच ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स करून आणलं, चाळीस प्रती. स्वतःविरुद्धचं पत्रक स्वतः छापून आणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मंडळाची कमिटी काकांच्याच घरी जमली. मी उभी राहून पत्रक वाचत होते. 'घराघरात शिरलेला हा धोका' एवढं म्हटलं आणि खाली बेसमेंटमध्ये धाडकन आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा. अध्यक्ष सोफ्यामागे गेले. कुणी म्हणालं हीटिंगची फर्नेस फुटली. काका मात्र जागेवरच बसून मोजत होते, "चार... पाच..." सगळं शांत झाल्यावर आम्ही खाली गेलो. फळीवर काचा, छतावर हातभर पसरलेला तपकिरी डाग, आणि त्यातून थेंब थेंब बिअर गळत होती. "साखर तर रेघेपर्यंतच घातली होती," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. जिन्यावर उभी असलेली मावशी शेवटी हळूच बोलली, "अहो... बाटल्या भरायच्या आधी तुम्ही फोनवर गेला होतात ना, तेव्हा मी बादलीतली चव बघितली. कारल्यासारखी कडू लागली. म्हणून दोन मुठी गूळ किसून घातला."

भाजीत, आमटीत, कारल्यात, जे कडू किंवा तिखट लागेल त्यात मावशी गूळ घालते. इंडियातून सूटकेसमध्ये आणलेली ती ढेप तिनं काकांच्या प्रेमापोटी बिअरमध्ये किसली होती. काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझा ठराव त्या दिवशी एकमतानं मंजूर झाला. अनुमोदक, वसंतकाका.

... आणि आता ही बादली. काका गेल्यावर न्यू जर्सीहून, एडिसनहून, त्यांचे धाकटे भाऊ दिनूकाका आले होते. "सुतकात घरात दारू कसली? ओतून द्या ती आधी," ते म्हणाले. मावशी नुसती बेसमेंटच्या दाराकडे बघत राहिली. मला ते सहन झालं नाही. "दिनूकाका, दारूविरुद्ध बोलायचा हक्क या घरात फक्त मला आहे," मी म्हणाले, "आणि मी ती भरणार आहे." मावशीला पिण्याशी देणंघेणं नव्हतं. काकांनी सुरू केलेलं एक काम अर्धं राहून मोरीत जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण मी हे एकटीनं कधी केलेलं नव्हतं. बादली ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्त राहिली होती, साखर चुकली तर दुसरी बादली करायला काका नव्हते. मी वाटी घेतली, रेघेपर्यंत साखर भरली, सुरीच्या पाठीनं सपाट केली. मावशीनं नळी धरली. अर्ध्यावर आल्यावर ती म्हणाली, "अगं, चिमूटभर गूळ..." "नाही!" मी ओरडले. ती ओशाळून हसली. मग मी बुचं दाबायला वळले.

चौदा दिवसांनी, मागच्या शनिवारी, मावशीनं शोकसभेत बोललेल्या सातही जणांना जेवायला बोलावलं. दारात पितळी डबा घेऊन मी उभी होते. सगळ्यांनी मुकाट्यानं किल्ल्या टाकल्या. मग सगळे बेसमेंटमध्ये उतरले आणि पहिली बाटली मी उघडली. काका करायचे तशी आधी कानाशी धरली, बूच उचकटलं... फस्स. ग्लासात बोटभर फेस उभा राहिला. मी आनंदानं तो ग्लास अध्यक्षांच्या हातात दिला. अध्यक्षांनी घोट घेतला आणि म्हणाले, "वसंताचीच आहे." शोकसभेत जे बोलायचं राहिलं होतं, ते मग सगळे एकदम बोलू लागले. मी थेंबही घेतला नाही. पत्रकही मागे घेतलेलं नाही.

शेवटी मावशीनं पदराआडून एक बाटली काढली, बुचावर कुंकवाची खूण असलेली. "ही माझी," म्हणाली आणि उघडली. फेस सरळ छताला जाऊन लागला. सगळे भिजले. "या एकीत मी चिमूटभर घातला होता," मावशी म्हणाली, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली, पायरीवर बसून, अगदी काकांसारखी. मी ओलं फडकं घेऊन छतावरचा डाग पुसायला स्टुलावर चढले. तिनं खालून स्टूल धरलं आणि म्हणाली, "पुढारी, उतर खाली. राहू दे तो."

मी उतरले. बेसमेंटच्या छतावर आता दोन डाग आहेत, जुना हातभर आणि त्याला लागून नवा, ताटलीएवढा.