चाळीस फुटांवरचं वाक्य

सुजय जमिनीपासून चाळीस फुटांवर लटकत होता आणि जीव तोडून ओरडत होता, "खाली घ्या मले! अरे, खाली घ्या ना!"

मी त्याला खाली घेत नव्हतो. कारण ते त्याचं पटकथेतलं वाक्य होतं.

मी रिगर आहे. सिनेमात माणूस उडताना दिसतो, तेव्हा त्याला बारीक पोलादी वायरवर टांगणारा माणूस म्हणजे रिगर. नटाच्या कपड्यांच्या आत जाड पट्ट्यांचा हार्नेस असतो. वायर त्याला जोडलेली, वर क्रेनला पुली, आणि खाली दोर माझ्या हातात. दोर एका ब्रेकमधून जातो. माझा हात सुटला तर ब्रेक लॉक होतो. माणूस पडत नाही, आहे तिथेच अडकून राहतो.

सिनेमा एका मराठी कॉमिकवरून होता. त्यातला सुपरहिरो गगनराव उडू शकतो, पण त्याला उंचीची भयंकर भीती. वर गेला की हातपाय झाडत वऱ्हाडीत बोंबलतो. ते काम सुजयचं. सगळा विनोद त्यावरच. शूटिंग वाशिम जिल्ह्यात, इंझोरीच्या अलीकडे, एका गावच्या पाण्याच्या टाकीपाशी. फेब्रुवारीतली सकाळ होती.

टाकीच्या पोटाला आग्या मोहोळ होतं. काळं, सुपाएवढं. लोकेशन पाहायला आलो तेव्हाच मला ते दिसलं होतं. डायरेक्टर केदारनं विचारलं, "काका, हे चालेल ना?"

"सुजयपासून तीस फूट लांब राहील," मी म्हणालो. "चालेल."

अंतर मी माणसापासून मोजलं होतं. गगनरावाची शाल फडफडावी म्हणून मागे एक मोठा पंखा लावतात, त्याचं वारं कुठपर्यंत जाईल ते मोजलं नव्हतं. ही चूक माझी. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

तिसऱ्या टेकला सुजय जास्तच ओरडायला लागला. मॉनिटरच्या तंबूतून केदारचा आवाज आला, "भन्नाट! कट नाही, चालू ठेवा!" सुजयचा झोका आवरायचा दुसरा दोर धरलेले दोघे हेल्पर हसत होते. मीही हसलो. सूर्य सुजयच्या मागे होता, त्यामुळे तो मला नुसता काळा आकार दिसत होता. तसंही रिगर नटाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. तो पुलीकडे पाहतो.

तेवढ्यात वंदनाताई माझ्याकडे आल्या. मानोऱ्याच्या निवृत्त शिक्षिका. सुजय पुण्याचा, म्हणून त्याची वऱ्हाडी घटवून घ्यायला त्यांना बोलावलं होतं. त्या चिडलेल्या दिसत होत्या.

"दादा, टेक थांबवा. तो चुकून राह्यला."

"काय चुकतंय?"

"आठ दिवस झाले मी त्याले घोकवून राह्यली, मले म्हण, मले म्हण. आता पाहा, 'मला खाली घ्या' म्हणून राह्यला."

मी ऐकलं. "मला खाली घ्या! काका! काका, मला खाली घ्या!"

पटकथेत काका नव्हता. काका मी होतो.

डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून मी वर पाहिलं. त्याचा पिवळा पोशाख छातीपासून काळा झाला होता. तो काळेपणा हलत होता.

"कट!" मी ओरडलो. "पंखा बंद करा! माश्या!"

जनरेटरच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पण पहिली माशी एका हेल्परच्या मानेवर बसली आणि दोघंही दोर टाकून पळाले. मग तंबू रिकामा झाला. कॅमेरा तसाच चालू राहिला.

माझ्या कानामागे सुई घुसावी तसं झालं. मग डोळ्याखाली. ब्रेक लॉक आहे, तो पडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. हे मी घरीसुद्धा बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मागे वंदनाताई उभ्या होत्या, म्हणून मी थांबलो. त्या पळाल्या नव्हत्या.

"काय करू, सांगा लवकर," त्या म्हणाल्या. पदर त्यांनी तोंडाला गुंडाळला होता.

"आधी तो लाल खटका दाबा. पंखा बंद होईल. मग हा दुसरा दोर धरा. सुजय टाकीच्या खांबाकडे झुकला की ओढा."

त्यांनी खटका दाबला, दोर धरला. मी ब्रेक सोडायला लागलो. घाई केली असती तर सुजय झोका खाऊन सिमेंटच्या खांबावर आपटला असता. सावकाश घ्यावं तर वर माश्या. मी हातभर दोर सोडायचो, थांबायचो, पुन्हा हातभर. मनगटावर माश्या बसलेल्या दिसत होत्या. हात झटकता येत नव्हता.

निम्म्यावर आला आणि सुजयचं ओरडणं थांबलं.

"दादा, तो बोलून काहून नाही राह्यला?"

मी आणखी हातभर दोर सोडला. माझ्या दोरावर मेलेला माणूस मी खाली उतरवतोय, असंच मला वाटत होतं.

त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत गावातली माणसं पेटलेल्या तुराट्या घेऊन धावत आली. त्या धुरात आम्ही त्याला ताडपत्रीत गुंडाळून जीपमध्ये घातलं. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ सुजून वेडेवाकडे. छातीवरचा हार्नेस मी चाकूनं कापला. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मानोऱ्यापर्यंत मी फक्त तो आवाज ऐकत बसलो. तो बारीक झाला की वंदनाताई त्याच्या गालावर थापट्या मारायच्या. "सुजय, झोपू नको रे बाबा. माह्याकडे पाह्य."

दवाखान्यात लागोपाठ इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. दोनेक तासांनी डॉक्टर बाहेर आले. "वाचला," म्हणाले. "अंगात तो फोम होता म्हणून. बरेचसे काटे त्यातच अडकले." गगनरावाचे पिळदार स्नायू दाखवायला पोशाखात फोम भरला होता. सगळा मार तोंडावर आणि हातांवर होता.

केदार बाकावर डोकं धरून बसला होता. "मला वाटलं, तो फार छान करतोय," तो म्हणाला. वंदनाताई सुजलेल्या दंडाला बर्फ लावत होत्या.

सुजय पाच दिवस दवाखान्यात होता. महिन्याभरानं, दुसऱ्या ठिकाणी, तो पुन्हा वायरवर चढला. ते त्याचं धाडस. मला झोपेत अजून ती शिट्टी ऐकू येते.

आता मी काम घेतलं की आधी पटकथा मागवतो. वर टांगलेला माणूस काय काय ओरडणार आहे, त्याखाली पेन्सिलीनं रेघा मारतो. मग पटकथेत नसलेली एक खूण ठरवतो, दोन्ही हात डोक्यावर, फुली. ती खूण दिसली की टेक कुणाचाही असो, मी खाली घेतो. प्रॉडक्शनवाले विचारतात, रिगरला पटकथा कशाला हवी?

मी म्हणतो, द्या.