चौथ्या गाण्यातला खोकला

मला हे लिहायचंच नव्हतं. तळेगावच्या दिवाळी अंकवाल्यांनी नातीला फोन केला. नातीनं माझ्यापुढं वही टाकली आणि "आबा, ओट्यावर बसून सांगता तसंच लिहा" म्हणून निघून गेली. चौथी शिकलेल्या माणसाला लिहायला बसवतात आणि वर म्हणतात, दोन पानं पुरेत. दोन पानांत काय होतंय? गाणं साडेचार मिनिटांचं, आणि त्यावर बोलायला अख्खा मावळ. दूध घालायला आलेला माणूससुद्धा एक मत देऊन जातो. गोठ्यात शेण साचावं तशी मतं साचलीत. आता उपसतोच.

आधी कोण काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भलतीकडूनच सुरू झाला. मी कान्हे गावचा. तीस वर्षं रेल्वेत गँगमन होतो. रूळ सरकवायचा असला की पंधरा माणसं रुळाखाली पहारी घालून उभी राहतात आणि एकजण हाळी देतो. हाळीवर सगळ्यांचा जोर एकदम पडला तर रूळ हलतो. मागंपुढं पडला तर नुसत्या कमरा मोडतात. ती हाळी मी द्यायचो. आमचा मुकादम दत्तोबा, सोमाटण्याचा. तो बाजूला काठी टेकून उभा राहायचा, रूळ सरळ येतोय का बघत. तीस वर्षांत तो मला दोनच गोष्टी बोलला. एक, "अजून जोरात." आणि उन्हात ओरडून मला ढास लागली की माझ्याकडं न बघता, "पाणी पाजा रे त्याला." हाळी चांगली का वाईट, ते कधीच नाही.

माझी नात सोनल चाकणला कारखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात रॉक म्युझिक. इलेक्ट्रॉनिक रॉक म्हणायचं असतं. गिटार, ड्रम खरे, बाकीचं सगळं कॉम्प्युटरमधून. तिनं आठ गाण्यांचा अल्बम केला, नाव ठेवलं 'फिशप्लेट'. दोन रूळ जोडायची लोखंडी पट्टी असते ना, ती. शब्द माझ्याकडूनच उचललेला. सोनल स्वतः गात नाही. तिनं आठ गाण्यांना आठ पाहुणे गळे बोलावले. तिची अट एकच होती, वाजवायला मशीन चालेल, गायला चालणार नाही. चौथ्या गाण्यातला गळा माझा.

*

रेकॉर्डिंग आमच्या जुन्या गोठ्यात झालं. आवाज घुमू नये म्हणून पोरीनं भिंतींना भाताच्या तुसाची पोती लावली होती. मला स्टुलावर बसवलं, कानावर ते दोन टोपल्यांसारखं घातलं आणि म्हणाली, "आबा, द्या हाळी."

तोंडातून आवाजच निघेना. तीन वेळा झालं. सोनल म्हणाली, "काय झालं? लाजता काय?"

"लाजतोय कशाला? हाळी द्यायची कुणाला? हितं पहार कुणाच्या हातात हाय?"

पोरगी हुशार. बाहेर गेली, दोन पहारी घेऊन आली. एक तिच्या हातात, एक तिच्या ड्रमवाल्या मित्राच्या. गोठ्यातली दगडी गव्हाण होती, चार माणसांना न हलणारी, तिच्याखाली पहारी घातल्या. मी उभा राहिलो. आणि मग निघाला आवाज.

"लावा रं पहार… होऽ! धरा रं दमानं… होऽ! मुकादमाचं पोट… होऽ! पुढं पुढं लोट… होऽ!"

गव्हाण वीतभर सरकली. ड्रमवाल्याच्या हाताला फोड आले. मला मध्येच ढास लागली. म्हटलं, "तो खोकला काढ गं त्यातनं." सोनल म्हणाली, "तुमच्या आवाजाला मी हातसुद्धा लावणार नाही." खोकला तसाच राहिला. पुढची सगळी भानगड त्या खोकल्याचीच आहे.

*

पहिलं मत बायकोचं. मोबाईल कानाला लावून तिनं चौथं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मी समोर बसलेलो. म्हटलं आता काहीतरी बोलेल.

"आवाज तर ह्योच हाय," म्हणाली. "एवढी वर्षं घरात ऐकला. पण तवा मागं बाजा न्हवता म्हणून सोसला."

*

आमच्या गावचे माधवबुवा भजनात गातात. सहाव्या गाण्यात त्यांचा आलाप आहे. अल्बम निघाल्यावर बुवा घरोघर जाऊन लोकांच्या मोबाईलवर सहावं गाणं लावून द्यायचे आणि संपलं की बंद करायचे. माझ्या शेजाऱ्यानं विचारलं, "बुवा, बाकीची सात?"

बुवा म्हणाले, "ती गर्दी आहे."

मी चिडलो. चांगला चिडलो. मग दुसऱ्या दिवशी मीच कामशेतच्या बाजारात चौथं लावून दाखवत होतो आणि पाचवं सुरू व्हायच्या आत बोटानं बंद करत होतो. बुवा पलीकडं मेथीच्या जुड्या बघत उभे होते. हातातली जुडी त्यांनी जोरात आपटली.

*

लोणावळ्यात माझ्या भाच्याचं चिक्कीचं दुकान आहे. भुशी धरणाला जाणारी पब्लिक दुकानापुढं थांबते, म्हणून त्यानं स्पीकर लावून अल्बम वाजवायला सुरुवात केली. मामाचा अभिमान, दुसरं काय. आठ दिवसांनी त्याचा फोन.

"मामा, अल्बम एक नंबर हाय. पण चौथं गाणं काढलंय."

"का रं? गिऱ्हाईक पळालं का?"

"गिऱ्हाईक खूश हाय. कारागीर बिघडलेत."

मागच्या खोलीत कारागीर गरम चिक्की पाट्यावर ओततात आणि लाटण्यानं पसरतात. माझी हाळी लागली की प्रत्येक 'होऽ'ला चौघांचा जोर एकदम लाटण्यावर. दाण्याची चिक्की पापडाएवढी पातळ. डब्यात भरायच्या आत तुकडे.

एवढं चांगलं मत मला दुसऱ्या कुणीच दिलेलं नाही. ती चिक्की मी पिशवीभर आणली. दात नाहीत, तरी चघळली.

*

कामशेतच्या डॉक्टरांनी अल्बम गाडीत ऐकला. शिकलेला माणूस, इंग्रजी गाणी ऐकणारा. मला वाटलं आता काहीतरी वजनदार ऐकायला मिळेल. दवाखान्यात गेलो तर माझ्याकडं टक लावून बघत म्हणाले, "आबा, चौथं गाणं तीन वेळा ऐकलं मी."

छाती फुगली माझी. "कसं वाटलं?"

"छातीचा एक्स-रे काढून घ्या."

काढला. काही निघालं नाही. डॉक्टरांनी ती फिल्म बघून मान हलवली आणि म्हणाले, "मग गाणं चांगलं आहे."

*

पुण्याहून चार पोरं आली होती सोनलला भेटायला. त्यातल्या एकाच्या डोक्यावर आमच्या आत्यासारखा अंबाडा. मला बघून तो हातच जोडायला लागला. म्हणाला, "आजोबा, तिसऱ्या हाळीनंतरचा तो कफ… वेडा झालो मी. काय टेक्स्चर आहे. सोनल सांगत नाहीये, तुम्ही तरी सांगा, कुठला प्लगइन वापरला?"

मी सोनलला विचारलं, प्लगइन म्हणजे काय. ती म्हणाली, आवाजाला रंग चढवायला कॉम्प्युटरमध्ये जे घालतात ते.

मग मी त्या पोराला सांगितलं, "बिडी. तीस वर्षं."

त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं.

*

वाईट बोलणारेही आहेत, ते लपवत नाही. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं की संगीत चांगलं, पण पाहुण्या गायकांनी वाट लावली. चौथ्या गाण्यात एक म्हातारा नुसता बोंबलतो, ते स्किप करा. सोनलनं हे माझ्यापासून लपवलं होतं. माधवबुवांनी मुद्दाम घरी येऊन चष्मा लावून वाचून दाखवलं.

"स्किप म्हंजी काय, बुवा?"

"वगळा. उडी मारून पुढं जा."

मी म्हटलं, "लिवणाऱ्याला सांगा, पंधरा माणसांनी तीस वर्षांत माजी हाळी एकदाबी वगळली न्हाई. वगळली असती तर रुळाखाली बोटं गेली असती. माज्या गँगमधी सगळ्यांची धाच्या धा बोटं शाबूत हायत. मोजून घ्या म्हणावं."

बुवांनी चष्मा काढला. चहा न घेता गेले.

*

पण मला लागलं ते ह्या कुणाचंच नाही. लागलं ते दत्तोबा मुकादमाचं.

सोमाटणे फाट्यावर चहाच्या टपरीवर त्याच्या नातसुनेनं त्याला मोबाईलवर चौथं गाणं ऐकवलं. दहा माणसं बसलेली. त्यानं ऐकलं, कप खाली ठेवला आणि सांगितलं, "ह्यो त्याचा आवाज न्हाई. त्याच्या आवाजात एवढी ताकद कवाच न्हवती. कॉम्प्युटरनं केलाय."

पोटाची ओळ ऐकून तापला असणार, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, ती ओळ मी तीस वर्षं त्याच्या तोंडावर म्हटली, तेव्हा नाही तापला तो.

फाट्यावर बोललेलं तालुक्याच्या वडगावला जायला किती वेळ लागतो? चार दिवसांत लोक सोनलला विचारायला लागले, "आजोबांचा आवाज एआयनं केलाय म्हणे?" पोरीनं एकच अट घातली होती स्वतःला, सगळे गळे माणसांचे. तीच खोटी पडायला लागली. ती मला म्हणाली, "आबा, सोडा ना. मी सांगते लोकांना." कुणाला कुणाला सांगणार? आणि सांगून कोण ऐकणार? हातात पहार न धरता माझी हाळी रोज नुसती उभं राहून ऐकलेला माणूस एकच, आणि तोच नाही म्हणतोय. बाकी सगळ्या मावळानं हो म्हटलं तरी ते कशात मोजायचं?

मी सोमाटण्याला गेलो. त्याच्या अंगणात उभा राहिलो. "मुकादम, तोंडावर बोला."

"बोललो ना फाट्यावर."

"मी हितं आता हाळी देऊन दाखवू?"

"कशाला? आता तुजा गळा गेलाय. तवाच्यात अन् आताच्यात फरक पडायचाच. त्यानं काय ठरतंय?"

बरोबर बोलला. म्हणून जास्तच राग आला. पाणी विचारलं त्याच्या सुनेनं, ते न पिता आलो.

*

शेवटी सोनलनंच ठरवलं. रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये तिनं सगळ्या जुन्या गँगला बोलावलं. पंधरातले सहा राहिलेत, सहाही आले. दत्तोबा रिक्षानं आला, काठी टेकत. माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडच्या लांब बाकावर गँग बसली. दत्तोबा त्यांच्यात नाही बसला, बाजूला खिडकीपाशी खुर्ची मागून घेतली. मुकादम तो मुकादमच.

सोनलनं कपाटाएवढा स्पीकर आणला होता. पहिली तीन गाणी झाली. गँगमधला आमचा गणपा कानावर हात ठेवून बसलेला. विचारलं तर म्हणाला, "चांगलं हाय, पण गाडी डोक्यावरनं गेल्यावानी वाटतंय."

मग चौथं लागलं. आधी ड्रम. मग माझी हाळी.

"लावा रं पहार…"

बाकावरच्या सहा म्हाताऱ्यांच्या मुठी वळल्या. मी समोरून बघत होतो. कुणी ठरवून केलं नाही. 'होऽ'ला सहा जोडी पाय फरशीवर रोवले गेले. दुसऱ्या 'होऽ'ला बाक कर्रकन् मागं सरकला. गणपा तर डोळे मिटून होता. पोटाची ओळ आली, सगळे हसले. दत्तोबा हसला नाही. खिडकीतून बाहेर, लायनीकडं तोंड करून बसला होता, एक डोळा बारीक करून. रूळ बघताना करायचा तसा.

मग तो खोकला आला. एवढ्या मोठ्या स्पीकरमधून आमच्या अख्ख्या हॉलभर खोकला.

दत्तोबानं मान वळवली नाही. हातातली काठी दाराकडं उचलली आणि म्हणाला,

"पाणी पाजा रे त्याला."

गाणं चालूच होतं. दाराशी आमची सून उभी होती, ती पळत जाऊन तांब्याभांडं घेऊन आली. हॉलच्या मध्यभागी येऊन थांबली. भांडं हातात, इकडंतिकडं बघते. "कुणाला द्यायचं?"

बाकावरचे सगळे एकदा स्पीकरकडं बघत होते, एकदा दत्तोबाकडं.

दत्तोबानं हात पुढं केला. भांडं घेतलं, घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या.

"मशीनच हाय," म्हणाला.

काठी टेकत रिक्षात जाऊन बसला. त्याला सहा महिने झाले. अंकवाल्यांनो, मतं सगळी लिहून झाली. आता माफी तेवढी यायची राहिलीय. ती यायची आहे दत्तोबा मुकादमाकडून, सोमाटणे फाटा.